धक्का आणि पदर

आज सांगलीत आमच्या दारावरून उसाची ट्रॉली गेली आणि मांडणीवरची पातेली वाजली. तो आवाज आला की मला कोयनानगरचं घर आठवतं.

तेव्हा मी सहा-सात वर्षांची असेन. भूकंपाचे धक्के तिथे नेहमीचेच, पण त्या दुपारी भांडी वाजायची थांबेनात. आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, आईच्या सासऱ्यांनी, मला उचलून अंगणात आणलं. मागून आई पळत आली आणि उंबऱ्यातच थांबली. वर कौलं खडखडत होती आणि ती घसरलेला पदर डोक्यावर घेत होती.

"आगं सुमन, पदर ऱ्हाऊ दे, भाईर ये आदी," आबा ओरडले.

ती आली, पण पदर घेऊनच. तिच्या मागे उंबऱ्यावर कौलं पडली. सगळं शांत झाल्यावर आबा रागाने म्हणाले, "जीव मोठा का पदर?"

"आवं मामा, तुमीच समूर हुता न्हवं," आई खाली बघत म्हणाली.

आता मी कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. रूढी अंगात मुरली की ज्याच्यासाठी पाळायची तोच नको म्हणाला तरी सुटत नाही, हे सांगताना मी आईचं उदाहरण देते. मुली हसतात. मीही हसते.

आज पातेली वाजली तशी मी धडपडत दारात गेले. ट्रॉली पुढे गेली होती आणि समोरचे काका फाटकात उभे होते. माझ्या गाऊनवर ओढणी होती. ती कधी घेतली, ते मला आठवत नाही.