पोत्यांची धूळ

सुनंदा एक दिवसही कारखान्यात गेली नव्हती.
तिला मारले ते कारखान्याच्या धुळीने.

सुनंदा माझी धाकटी बहीण. आज तिचा स्मृतिदिन.

तिचे यजमान वामनराव ॲस्बेस्टॉसचे पत्रे बनवणाऱ्या कारखान्यात होते. तिथली रिकामी पोती ते घरी आणत. वसईच्या वाडीत धडके पोते कोण टाकून देतो?

सुनंदा ती अंगणात झटकायची, भिजवायची आणि फुलांच्या टोपल्यांवर घालायची.
वर्षानुवर्षे.

वसईत महापालिका व्हायच्या आधीची गोष्ट. तिच्या छातीत पाणी झाले. मुंबईला बायोप्सी झाली.
मेसोथेलिओमा, ॲस्बेस्टॉसच्या धुळीने होणारा छातीच्या अस्तराचा कर्करोग. थर्ड स्टेज.

वामनराव एव्हरशाईन सिटीतल्या माझ्या फ्लॅटवर आले.
"नाना, चारातली तिसरी. म्हणजे अजून एक बाकी आहे ना?"

मी आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवले. हा निष्कर्ष तसाच सोडणे मला शक्य नव्हते.
"स्टेज म्हणजे रोग कुठवर पसरला, एवढेच. किती काळ उरला, हे त्यातून मोजता येत नाही."

डॉक्टरांचे म्हणणे स्पष्ट होते. ऑपरेशनची वेळ गेली आहे. औषधाने श्वास थोडा सुसह्य होईल. अशा बहुतेक रुग्णांना महिने मिळतात. पण बहुतेक म्हणजे प्रत्येक नव्हे.

सुनंदालाही मी तसेच सांगितले.

"तुझं कॉलेज राहू दे. गणपती बघीन का मी?"
"निश्चित सांगता येत नाही."
"मग सरळ नाही म्हण की!"
ती हसली. हसण्याचा खोकला झाला, आणि तो लवकर थांबेना.

मग हळूच म्हणाली, "डॉक्टर विचारत होते, धूळ कुठून आली. मी पोत्यांचं सांगितलं. ह्यांना कळू देऊ नकोस, नाना."
"मी खोटे बोलू?"
"खोटं नको. नुसता गप्प राहा. तेवढंच तुला जड जातं."

गणपतीच्या आधीच ती गेली.

तेरावा झाल्यावर मी वाडीत गेलो. फुलांच्या टोपल्यांवर केळीची ओली पाने होती.
पोते एकही दिसले नाही.
विहिरीमागे मोठा खड्डा नुकताच बुजवलेला होता. वामनरावांच्या नखांत अजून माती होती.

मी विचारले नाही. ते बोलले नाहीत. नंतरही कधीच नाही.

या चैत्रात वामनरावही गेले. म्हणून आज लिहितो आहे.

सुनंदा, तुला दिलेला शब्द मी पाळला.
तो पाळूनही त्यांना कळायचे ते कळलेच, हेही तुला सांगणे भाग आहे.

दोघांनाही माझा अखेरचा नमस्कार.