दहा महिने वजा केलेला दाखला

पदव्युत्तर प्रवेशाच्या परीक्षेत मला गुण बरे मिळाले होते, पण बालरोग विभाग मिळण्याइतके नाही. सरकारी नोकरीतल्या डॉक्टरांना दुर्गम भागातल्या सेवेबद्दल वाढीव गुण मिळतात. टाकव्याच्या पुढे डोंगराकडच्या एका दवाखान्यात माझी तीन वर्षं नेमणूक होती. तेवढ्या सेवेचा दाखला जोडला की यादीत मी बरीच वर जात होते.

फक्त त्यातले दहा महिने मी तिथे नव्हतेच. लोणावळ्याला डॉक्टर कमी पडले, म्हणून तालुक्याच्या आरोग्य अधिकारी साहेबांनी मला तोंडी सांगून तिकडे बोलावलं होतं. पगार डोंगरातल्या जागेवरचाच निघायचा. मी खंडाळ्याला राहायचे आणि रिक्षाने दहा मिनिटांत कामावर पोहोचायचे. डोंगरातला दवाखाना तेव्हा नर्सबाई एकट्या सांभाळत होत्या.

वडगावला तालुक्याच्या कार्यालयात गेले तेव्हा कारकुनांनी पूर्ण तीन वर्षांचा दाखला टाईप करून ठेवला होता. साहेबांची सही तेवढी बाकी होती.

"मधल्या दहा महिन्यांचं काय?" मी विचारलं.

"मॅडम, ऑर्डर तिथली, पगार तिथला. आम्ही कागद बघतो."

खरं सांगायचं तर मला हेच ऐकायचं होतं. कागद खोटा नाही, मग आपण कशाला तोंड उघडायचं, असं म्हणत मी परतले.

दुसऱ्या दिवशी लसीकरणासाठी वरच्या ठाकरवाडीत गेले. एक मावशी नातीला घेऊन आल्या. पोर गुटगुटीत होती, सुई टोचल्यावर जोरात रडली.

"मधी तुमी लय दिस न्हवता," मावशी सहज म्हणाल्या. "हिला धाप लागलेली तवा आमी आलतो. बाई म्हनल्या, डाक्टर न्हाईत, खाली न्या. मग जीपनं वडगावला न्येली."

"राग आला असेल ना, मावशी?"

"राग कशाचा? तुमाला धाडतील तितं तुमी जानार. पोर वाचली, बास."

त्या हसत निघून गेल्या. मला मात्र पुढचं काम सुचेना. या पोरीला धाप लागली तेव्हाचे महिने माझ्या नावावर लावून मी लहान मुलांची डॉक्टर व्हायला निघाले होते. शिवाय मी वर सरकले की कोणीतरी खाली जाणार. कदाचित खरोखर डोंगरात राहिलेलंच कोणी.

सोमवारी साहेबांना भेटले आणि दहा महिने वजा करा म्हणाले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हे लेखी दिलंत तर मलाही विचारतील, तोंडी का पाठवलं म्हणून."

"माहीत आहे, सर. पण मी तिथे नव्हते."

त्यांनी चष्मा पुन्हा लावला. मग म्हणाले, "द्या अर्ज. विचारलं तर उत्तर देईन." अर्ज देऊन मी बाहेर आले. स्टँडसमोर उभी राहून मी चार केळी खाल्ली. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

पहिल्या फेरीत माझं नाव लागलं नाही. नवऱ्याचा चेहरा पडला. मीही तीन-चार दिवस स्वतःला शिव्या घातल्या. दुसऱ्या फेरीत बालरोग मिळालं. पुण्यात नाही, सोलापूरला.

तिथे कागद तपासणाऱ्या मॅडमनी दाखल्यावर बोट ठेवून विचारलं, "ही सगळी सेवा प्रत्यक्ष केलेली आहे ना?"

"हो," मी म्हणाले. एका शब्दात, न अडखळता. छातीवरचं ओझं उतरलं ते तेव्हा.

बाहेर येऊन नर्सबाईंना फोन लावला. सोलापूर म्हटल्यावर त्या आधी हळहळल्या, मग म्हणाल्या, "नवे डॉक्टर आलेत. गावातच खोली घेतलीय." मी जिन्यातच बसकण मारली आणि त्यांना म्हटलं, आता सगळं सावकाश सांगा.