गाळलेला भाऊ

“एका ‘नाही’नं कुणाचं घोडं मारलंय?” आईनं ओलं पातेलं ओट्यावर आपटलं.

“संशोधनाचं,” ताई म्हणाली.

“ते मेलं कागदावरचं. इथं धाकटीचं लग्न ठरतंय!”

ताई एका संशोधनाच्या प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने घ्यायची. तिची सुई टोचल्याचं कळतसुद्धा नाही, म्हणून तिथं सगळे तिला सुईवाली ताई म्हणत. वीस वर्षांत एका नळीवर चुकीची चिठ्ठी लागली नव्हती. गेल्या आठवड्यात मात्र तिनं स्वतःचंच रक्त चुकीच्या गटात घातलं. स्किझोफ्रेनिया असलेल्यांच्या पेशींवरचा ताण तिथं तपासत होते आणि तुलनेसाठी निरोगी माणसं कमी पडत होती. ताईनं बाही वर केली. अर्जावर प्रश्न होता, जवळच्या नात्यात कुणाला हा आजार आहे का? तिनं सवयीनं ‘नाही’ लिहिलं.

सवय घरचीच. दादाला हाच आजार झाला त्या वर्षी आईनं दोघी मुलींना पढवलं होतं, कुणी विचारलं तर आम्ही दोघी बहिणीच. पंधरा वर्षं घोटलेलं वाक्य. हात त्याच वळणानं गेला. आज दुपारी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “निरोगी गटात रुग्णाचं सख्खं नातं शिरलं की तुलनाच लंगडी,” तेव्हा कुठे ताईच्या डोक्यात प्रकाश पडला.

“ताई, जाऊ दे ना,” धाकटी म्हणाली. “माझ्या होणाऱ्या सासूबाईच तिथं खिडकीशी बसून अर्ज वाचून फायलीला लावतात. दुरुस्ती वाचली की संपलंच सगळं. शंभरातली एक नळी, कोण बघतंय?”

“मी बघते.”

“बघा! हरिश्चंद्राची मावशी,” आई म्हणाली.

मागच्या खोलीचं दार उघडलं. दादा गोळीसाठी पाणी घ्यायला आला होता. आजारपणाआधी तो छापखान्यात मुद्रितं तपासायचा. अजूनही रद्दीच्या कागदांवर त्याची लाल पेन्सिल चालायची.

“रक्तात काय शोधता गं तुम्ही?”

“पेशीत मजकूर असतो असं समज. त्यातल्या काही ओळी त्याच त्या, शेकडो वेळा. आजारी माणसांत त्यांची संख्या वेगळी असते का, पेशीवरच्या ताणाशी तिचा संबंध आहे का, ते मोजतायत. अजून नक्की काही कळलेलं नाही.”

“म्हणजे दुबार जुळणी, एकच ओळ पुन्हा पुन्हा छापलेली.” दादा पाणी प्यायला. “मुद्रितशोधक रजेवर असणार.”

धाकटीला हसू फुटलं. आईनं डोळे वटारले तसं तिनं ते गिळलं.

“माझं रक्त नको का त्यांना?” दादानं विचारलं.

“तुझं कसं मागणार? कागदोपत्री तू नाहीसच.”

दादानं पेला खाली ठेवला. मग ओल्या बोटानं ओट्यावर एक टोकदार खूण काढली. “शब्द गळला की ही खूण करून तो वर लिहायचा. अख्खं पान पुन्हा जुळवावं लागत नाही.”

आईनं फडकं घेतलं आणि खूण पुसून टाकली. नळ ठिबकत होता.

ताईनं तो घट्ट बंद केला.

“उद्या सकाळी मी अर्ज दुरुस्त करतेय,” ती म्हणाली. “माझी नळी बाद करायला सांगणार. धाकटे, सासूबाईंना आज तूच सांग, नाहीतर उद्या त्या खिडकीशी वाचतील. आणि आई, यापुढे कुणी विचारलं तर आम्ही तिघं भावंडं.”