माझी झडप मला दाखवा

"झडप गळते आहे, बदलावी लागेल," डॉक्टर म्हणाले. तेही माझ्याकडे न बघता, माझ्या मुलीला, इंग्रजीत. मी शर्ट काढून टेबलावर पडलो होतो, छातीवरचं जेलही पुसलेलं नव्हतं. मेघाने मराठीत सांगेपर्यंत मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. तो राग अजून गेलेला नाही.

आजाराचं नाव मायट्रल रिगर्जिटेशन. हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमध्ये एक झडप असते. ती नीट मिटली नाही की रक्त उलटं फिरतं. मला जिना चढताना धाप लागायची. वय झालं म्हणून मी लक्ष दिलं नाही. पुढे आडवं पडलं की खोकला येऊ लागला. तुम्हाला असं होत असेल तर माझ्यासारखे थांबू नका.

या कानडी शहरात, शिवाजीनगरच्या फुटपाथवर स्टीलची भांडी विकत मी सुरुवात केली. आज चामराजपेटेत स्वतःचं दुकान आहे. पत्र्याच्या कडांनी हाताला कुठेतरी कापतंच. डॉक्टर म्हणाले, धातूची झडप बसवली की रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर, आणि हाताला कापेल असं काम बंद. म्हणजे माझं दुकानच बंद. झडप बदलायची की आहे तीच दुरुस्त करायची, यावर सगळं अडलं होतं.

"दुरुस्त होणार नाही कशावरून?" मी विचारलं. त्यांनी टू-डी एको दाखवला. एको म्हणजे आवाजाच्या लहरी छातीत सोडून त्यांच्या प्रतिध्वनीवरून काढलेलं चित्र. टू-डी म्हणजे त्यातली एकच सपाट चकती. मी म्हटलं, दुसऱ्या बाजूने दाखवा. भांडं उलटं करून बुड बघितल्याशिवाय मी माल घेत नाही.

"तुमचे वडील इथे भाव करायला आलेत का?" डॉक्टरांनी मेघाला विचारलं.

"ते देवळातही करतात," ती म्हणाली.

मग तिनेच शोधाशोध केली. शहरातल्या एका संस्थेत रिअल-टाइम थ्री-डी अल्ट्रासाउंडचं यंत्र तयार होत होतं, म्हणजे धडधडतं हृदय त्याच क्षणी सगळ्या बाजूंनी दाखवणारं. त्यांना माझ्यासारखे स्वयंसेवक हवे होते.

यंत्र कसलं, उघड्या वायरींचं कपाट होतं ते. ते बनवणारी इंजिनियर नंदिनी मला अण्णा म्हणायची. आम्ही कानडीतच बोलायचो. तिने माझ्या छातीवर प्रोब टेकवला, म्हणजे लहरी सोडणारा आणि ऐकणारा ठोकळा. पडद्यावर धुकं हलत होतं.

"काही दिसत नाही, अम्मा."

"सगळं हृदय एकदम बघतेय. लहर आत जाऊन परत यायला वेळ लागतो. जास्त जागा बघायची तर चित्र तुटक तरी होतं, नाहीतर अंधुक."

"मग दोन्ही नीट कर."

"आवाजाच्या वेगाशी घासाघीस होत नाही, अण्णा."

"सगळं हृदय हवंय कुणाला? झडप तेवढी दाखव."

"तेच करतेय. तुम्ही स्वल्प गप्प बसा, बोललात की छाती हलते."

तिने चौकट लहान केली आणि झडप दिसली. वरून बघितल्यासारखी, माशाच्या तोंडासारखी उघडमीट करणारी. "स्वल्प तिरुगसम्मा," मी म्हटलं, जरा फिरव. तिने चित्र फिरवलं. झडपेच्या दोन पाकळ्यांपैकी एकीचा छोटा तुकडा सुटून फडफडत होता. बाकीची झडप धडधाकट दिसत होती.

"हे लिहून दे," मी म्हटलं.

"नाही. यंत्र अजून तयार होतंय. यावरून निदान करायचं नसतं."

मी आवाज चढवला. शेजारी काम करणारे हात थांबवून बघू लागले. ती ढळली नाही. "मी चुकले तर सुरी तुमच्यावर चालेल."

मी आवाज खाली आणला. शेवटी ठरलं की त्यांच्याबरोबर काम करणारे सर्जन हे चित्र बघतील, पण मान्यता असलेली तपासणी करूनच काय ते सांगतील.

"सरी," मी म्हटलं, ठीक आहे.

ती तपासणी ट्रान्स-इसोफेजियल एको. अन्ननलिकेत नळी घालून हृदयाच्या मागून बघतात. घसा बधिर करतात, तरी उमासा येतो. घाबरू नका, लवकर संपतं. त्यातही तोच तुकडा दिसला. सर्जन माझ्याकडे बघून बोलले, "दुरुस्त होईल असं वाटतं. उघडल्यावर नाही जमलं तर बदलेन. चालेल?" पहिल्या दिवशी एवढंच कुणी विचारायला हवं होतं.

जमलं. मी शुद्धीवर आलो तेव्हा ते म्हणाले, "झडप तुमचीच आहे." छातीचं हाड जुळेपर्यंत खोकताना उशी कवटाळावी लागली. दुरुस्तीनंतरही घ्यावी लागलेली रक्त पातळ ठेवायची गोळी काही महिन्यांनी सुटली, आणि मी दुकानात परत बसू लागलो.

पहिल्या डॉक्टरांवरचा राग आहे तिथेच आहे. नंदिनीच्या यंत्राचे उपकार तर आहेतच, पण त्या दिवशी तिने मला ठाम नाही म्हटलं, त्याचेही तेवढेच आहेत. नाही म्हणणाऱ्याचे आभार मी आजवर कधी मानले नव्हते. तिचे मानले, ज्यांच्यासमोर आवाज चढवला होता त्या सगळ्यांसमोर.