माझं घड्याळ त्याच्या हातावर

लग्नकार्यात कुणी माझं काम विचारलं, की मी हल्ली 'मेंटेनन्स' म्हणून मोकळा होतो. खरं सांगितलं तर लोक हसतात. पाणबुड्या, आणि राहायला रहाटणीत? इथं कुठाय समुद्र? समुद्र नाही, बाबांनो, पण तुमच्या कंपन्यांना पाणी लागतं, ते जुन्या दगडखाणींच्या तळ्यांतून येतं, आणि तळाशी पंपाची जाळी गाळानं तुंबली की ती साफ करायला कुणाला तरी पाठीवर सिलिंडर बांधून उतरावं लागतं. बारा वर्षं मी आणि माझा जोडीदार उतरत होतो. त्यातल्या एका दुपारी मी त्याच्याशी खोटं बोललो आणि त्याचा डावा पाय कायमचा अधू झाला. पायाचं सगळ्यांना माहीत होतं. खोट्याचं गेल्या महिन्यापर्यंत फक्त मला.

आम्ही दोघंही मूळचे कंपनीवाले. मी फिटर होतो, तो चाकणजवळच्या एका गावचा, घरची शेती सांभाळून शिफ्ट करणारा. विहिरीत सूर मारून तयार झालेली छाती होती त्याची. कंपनी बंद पडल्यावर एका ठेकेदारानं आम्हाला मालवणला पाठवून शिकवून आणलं. तिथंच मनगटावर बांधायचा डाइव्ह कॉम्प्युटर पहिल्यांदा पाहिला. आम्ही त्याला घड्याळच म्हणायचो. किती खोल आहात, किती वेळ झाला, अजून किती मिनिटं थांबलात तर चालेल, हे ते सांगतं. खोल पाण्यात अंगात हवेतला वायू मुरत जातो, तो निघायला वेळ लागतो, जास्त मुरवून वर आलात तर त्याचे बुडबुडे होऊन अंग लुळं पडू शकतं, आणि सकाळी किती मुरला हे लक्षात ठेवून घड्याळ दुपारची मिनिटं कमी करतं. म्हणून ज्याचं घड्याळ त्यानंच घालायचं, हे तिथल्या सरांनी आम्हाला दहा वेळा बजावलं होतं.

घड्याळाचे मूळ पट्टे मात्र भिकार. दोन वर्षांत रबराला चिरा पडल्या आणि एकदा माझं घड्याळ हातातून सुटून गाळात गेलं. तासभर चाचपडून सापडलं. त्या रविवारी मी कासारवाडीच्या एका दुकानातून इलॅस्टिकची गोल दोरी आणली आणि दोन्ही घड्याळांचे पट्टे काढून टाकले. एकच लांब दोरी दोन्ही बाजूंनी ओवून चालत नाही, एका ठिकाणी तुटली की सगळंच जातं. म्हणून दोन वेगळे तुकडे घेतले, दोन वेगळे फेरे केले. एक तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. माप घ्यायचं ते रबरी सूट घालून, मूठ आवळून, आणि वर थोडं कमीच धरायचं, कारण खाली पाण्याच्या दाबानं सूट चेपतो आणि दोरी सैल पडते. गाठी घड्याळाच्या पाठीकडे, टोकं लायटरनं वितळवलेली. काम झकास झालं होतं. हातमोज्यावरून एका ओढीत चढायचं, कुणाच्याही मनगटाला बसायचं. मला त्याचा फार अभिमान वाटला होता.

कुणाच्याही मनगटाला बसायचं, तिथंच घात झाला. कंपनीत माप घ्यायचा एकच व्हर्नियर तिन्ही शिफ्टच्या हातांतून फिरतो. पहिल्या शिफ्टनं ठेवला, दुसरीनं उचलला, माप तेच. ही सवय हाडात मुरलेली. पट्टा होता तोवर बक्कल काढा, भोक शोधा, असली कटकट असायची, म्हणून घड्याळं आपापल्या हातावर राहायची. इलॅस्टिक आलं आणि ती पान्यासारखी इकडून तिकडे जायला लागली.

त्या दिवशी सकाळी तो दोनदा उतरला. मी वर दोरी धरून बसलो होतो. जेवणानंतर माझी पाळी होती. जाळी अर्धी राहिली होती, दुसरी शिफ्ट सुरू व्हायच्या आत पंप चालू पाहिजे म्हणून कंपनीचा माणूस काठावर येरझाऱ्या घालत होता. आणि मला उतरायचं अगदी जिवावर आलं होतं. भीती नव्हती, आजार नव्हता. सहा दिवस सलग काम झालं होतं, पाणी गार होतं, तो गाळ, तो वास, ते आंधळ्यासारखं चाचपणं, सगळ्याचा वीट आला होता. मी म्हणालो, "कान बंद झालाय राव. खाली गेलो तर फुटंल."

तो सूट उतरवतच होता. थांबला, चेन परत वर ओढली. म्हणाला, "मग ऱ्हाऊ दे. मी जातो. पण माझं घड्याळ धाच मिन्टं दावतंय."

मी माझं घड्याळ काढलं. ते सकाळपासून कोरडं होतं, त्यामुळे भरपूर मिनिटं दाखवत होतं. त्यानं हात पुढं केला आणि मी ते त्याच्या मनगटावर चढवलं, दोन्ही फेरे नीट बसलेत का ते ओढून पाहिलं. मालवणच्या सरांचं बोलणं विसरलो होतो असं लिहिलं तर तेही खोटंच होईल. आठवत होतं. एकदा काय होतंय, म्हटलं.

जाळी साफ झाली, पंप सुरू झाला. संध्याकाळी त्याचा खांदा दुखायला लागला, त्यानं गोळी घेतली. सकाळी डावा पाय हलेना. मोठ्या दवाखान्यात त्याला दाबाच्या खोलीत ठेवून ऑक्सिजन दिला, बरेच दिवस दिला. पाय आला, पण पुरता नाही. डॉक्टरांना मी घड्याळाचं सगळं सांगितलं. कानाचं सांगितलं नाही. आणि तो, पलंगावर पडल्या पडल्या, येईल त्याला सांगत होता, "त्याच्याव बोट दावू नका. त्याचा कान बंद व्हता, न्हाईतर तोच जाणार व्हता." त्याची बायको मला चहा आणून द्यायची. तो चहा मी प्यालो.

आता तो चाकणला एका कंपनीच्या गेटवर बसतो. मी अजून उतरतो. पन्नाशीत दुसरं काय काम मिळणार? दर दोन-तीन महिन्यांनी त्याला भेटायला जायचो, इकडचं तिकडचं बोलून परत यायचो, आणि येताना दर वेळी स्वतःचीच लाज वाटायची. शेवटी ती लाज ओढत फिरायचाही थकवा आला. गेल्या महिन्यात गेलो आणि खुर्चीवर टेकायच्या आधीच सांगून टाकलं, की कान बंद नव्हता. कंटाळा आला होता.

त्यानं पुढ्यातलं गेटचं रजिस्टर मिटलं. शिवी देईल असं वाटलं. दिली असती तर बरं झालं असतं. मग म्हणाला, "त्या घड्याळात कायबी खोट नव्हती. तुझी मिन्टं व्हती ती."

मी मान हलवली.

"तू गेला असतास तर तुला कायबी झालं नसतं. दोगं धडधाकट घरी गेलो असतो."

इतक्या वर्षांत मी हे इतकं सरळ स्वतःशी म्हटलं नव्हतं. माझ्या वाटचं दुखणं त्यानं घेतलं, अशी काहीतरी समजूत करून घेतली होती. माझ्या वाटचं दुखणं नव्हतंच. नुसतं काम होतं, अर्ध्या तासाचं.

बाहेर कंटेनरनं हॉर्न दिला. तो खुर्चीला रेटा देऊन उठायला लागला. मी झटकन उठून गेटकडे निघालो.

"बस खाली," तो म्हणाला. "ड्युटी माजी हाय."

आणि पाय ओढत तो गेट उघडायला गेला.