कुठल्या पक्षाची?

ओहायोतल्या त्या गावात चर्चच्या तळघरात मतदान असलं, की टेबलाशी व्हर्ना स्टुट्झमन बसायची. मे महिन्यात पक्ष आपापला सेनेटचा उमेदवार निवडतात, तेव्हा कुठल्या पक्षाची मतपत्रिका हवी ते मतदाराला तोंडानं सांगावं लागतं. त्यामुळे गावात कोण कुणाचं, हे व्हर्नाला पाठ. पण बत्तीस वर्षांत तिनं कुणापाशी अवाक्षर काढलं नव्हतं.

यंदा मे महिन्यात तिचा नवरा ड्वेन समोर आला. अंगणात रिपब्लिकन पाटी रोवून जेवताना डेमोक्रॅटांना शिव्या घालणारा गडी.

"नाव?"

"चाळीस वर्षं नांदतेस, अजून नाव पाठ नाही?"

"नियम आहे. कुठल्या पक्षाची?"

ड्वेननं मागे वळून पाहिलं आणि तो पुटपुटला, "डेमोक्रॅटांची. सेनेटला उभी आहे ना, ती बस चालवणारी बाई, ती बरी वाटते."

व्हर्नानं डेमोक्रॅटांची मतपत्रिका काढून दिली.

नोव्हेंबरात खरी निवडणूक आली. तेव्हा सगळ्यांना एकच मतपत्रिका, विचारायचं काही नसतं. तरी ड्वेन टेबलाशी घुटमळला. "मेमधलं कुणाला बोलली नाहीस ना?"

"मेमधली माझी मतपत्रिका टपालानं येते," व्हर्ना हळूच म्हणाली. "कुठल्या पक्षाची, ते तुला तरी कधी बोलले?"