शिट्टीमावशीची गल्ली

शिट्टीमावशीला ते बटण मीच शिकवलं. आधीच सांगून टाकतो, नंतर कुणी उकरून काढायला नको.

बावीस वर्षं ती एकाच गल्लीतला कचरा उचलत होती. शिट्टी वाजली की दारं उघडायची. कुणाच्या डब्यात औषधांची रिकामी पाकिटं वाढली, की ही हळूच चौकशी करायची. तिसऱ्या मजल्यावरचे मास्तर एकटेच राहायचे. गुडघे कामातून गेलेले, म्हणून दोरीला बादली बांधून कचरा खाली सोडायचे. बादली आली नाही, की मावशी जिने चढून दार ठोठावायची.

"मास्तर, आहात की गेलात?"

"तुलाच घाई झालीय गं माझी!"

मग आमच्या सफाई विभागाचं ॲप आलं. प्रत्येक घराचा एक स्टिकर, तो मोबाईलने स्कॅन करायचा, घरामागे अर्धं मिनिट. उशीर झाला की माझ्या कॉम्प्युटरवर लाल खूण. तीन लाल खुणा झाल्या की गल्ली हातची जाणार, दुसऱ्या कुणाला मिळणार.

"आणि बादली आली नाही तर?" मावशीने विचारलं.

"'कचरा नाही' दाबायचं आणि पुढे चालायचं. जिने चढायला तू काय डॉक्टर आहेस?" मी म्हणालो. अकलेचा ठेका मीच घेतला होता ना!

त्या सोमवारी बादली आली नाही. मावशीच्या नावावर आधीच दोन खुणा होत्या. तिने वर पाहून दोनदा शिट्टी वाजवली आणि बटण दाबलं. मंगळवारीही तेच. बुधवारी तिला राहवेना. गाडी तशीच सोडून ती वर धावली, शेजाऱ्यांकडून दार तोडवून घेतलं. मास्तर न्हाणीघरात पडले होते, दोन दिवसांपासून. शिट्टी ऐकू येत होती, हाक मारायला आवाजच नव्हता, एवढंच ते पुटपुटले. गुरुवारी ते दवाखान्यातच वारले. सोमवारीच आणलं असतं तर वाचले असते, असं डॉक्टर म्हणाले. हे ऐकल्यापासून मला अन्न गोड लागत नाही.

बुधवारच्या उशिराची तिसरी खूण पडलीच होती. कारण नोंदवायला मावशीला बोलावलं. वाटलं, चार शिव्या घालेल. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"'गाडी बिघडली' असं टाकतो, मावशी. गल्ली वाचेल."

"नको रे. दोन दिवस खोटंच दाबलं मी. आता खरं टाक."

ॲपमधल्या कारणांच्या यादीत वरून खालपर्यंत शोधलं. माणूस जिवंत आहे का ते बघायला गेले, असं कारण त्यात नव्हतं. शेवटी मी 'कारण नाही' निवडलं, आणि तिची गल्ली गेली.